गुडघा, मणका, फ्रॅक्चर: क्लिनिकल अभ्यास पहिल्या रुग्णाआधी कसा उभा करायचा

प्रबंधाचा खर्डा घेऊन मुलं माझ्याकडे येतात तेव्हा साठ रुग्ण घेऊन झालेले असतात, सहा महिन्यांचा फॉलो-अप संपत आलेला असतो आणि प्रश्न एकच असतो: "मॅडम, आता कोणती स्टॅटिस्टिकल टेस्ट लावू?" त्या वेळी माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. जे बिघडायचं ते पहिल्या रुग्णाच्या आधीच बिघडून गेलेलं असतं.

अस्थिरोग विभागात संशोधन समन्वयक म्हणून काम करताना त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षं पाहते आहे. ऑर्थोचा रेसिडेंट असो, फिजिओथेरपीत एमपीटी करणारी मुलगी असो, की संधिगतवातात (सांध्याच्या झिजेत) जानुबस्तीवर (गुडघ्यावर कोमट तेल धरून ठेवण्याच्या उपचारावर) एमडी करणारा आयुर्वेदाचा विद्यार्थी असो, अडखळण्याच्या जागा सगळ्यांच्या सारख्याच. म्हणून क्रमाने लिहिते. उदाहरण म्हणून एकच अभ्यास धरू: गुडघ्याच्या झिजेत पीआरपीचं (रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाचं) इंजेक्शन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन यांची तुलना. जिथे मणका किंवा फ्रॅक्चर वेगळं वागतं तिथे तसं सांगेन.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"गुडघ्याच्या झिजेत पीआरपीची परिणामकारकता" हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: ५० ते ७० वयाच्या, एक्स-रेवर केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी (झीज मोजायची ० ते ४ ही पट्टी) २ किंवा ३ असलेल्या रुग्णांत, एक पीआरपी इंजेक्शन आणि एक स्टेरॉइड इंजेक्शन यांपैकी कशाने सहा महिन्यांनी चालतानाचं दुखणं जास्त कमी होतं?

या वाक्यात कोण, काय दिलं, कशाशी तुलना, काय मोजलं आणि केव्हा मोजलं, ही पाच उत्तरं आहेत. एक जरी गाळलं तरी पुढे सिनॉप्सिस (मंजुरीसाठी द्यायचा अभ्यासाचा आराखडा) कितीही सुंदर लिहा, तो डळमळतो. मुख्य मोजमाप एकच ठेवा. बाकी कडकपणा, जिना चढणं, गोळ्यांचा खप हे दुय्यम म्हणून वेगळे लिहा. सगळंच मुख्य म्हटलं तर शेवटी जे चांगलं दिसेल ते पुढे करण्याचा मोह होतो, आणि परीक्षकाला तो लगेच दिसतो.

तुलनेचा गट न ठेवता "इंजेक्शनच्या आधी आणि नंतर" एवढंच मोजणारे प्रबंध अजूनही येतात. गुडघ्याचं दुखणं सरळ रेषेत चालत नाही, ते वर-खाली होतं. माणूस ओपीडीत येतो तो दुखणं सगळ्यात वर असताना. त्याला काहीही दिलं, अगदी काही दिलं नाही, तरी महिन्याभरात आकडा थोडा उतरतोच. त्यात "डॉक्टरांनी सुई दिली" याचा दिलासा मिसळतो. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींच्या गुडघ्यावर नुसत्या चिरा देऊन टाके घातले होते. दुर्बिणीने सांधा साफ केलेल्यांपेक्षा त्यांचं दुखणं दोन वर्षांत कुठेही जास्त राहिलं नाही. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांत मेनिस्कसच्या (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीच्या) झिजेतल्या फाटीवर असंच करून पाहिलं, २०१३ साली निकाल आला, तोही तसाच. पीआरपीबद्दलही ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांच्या अभ्यासात, २०२१ साली, वर्षाअखेरीस दुखण्यात सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा लक्षणीय फरक निघाला नाही. हे वाचून निराश व्हायचं कारण नाही. तुलनेचा गट नसता तर या तिन्ही ठिकाणी "उपचार उत्तम" असंच छापून आलं असतं, एवढं मात्र ध्यानात असू द्या.

*तपासा:* प्रश्नाचं वाक्य विभागाबाहेरच्या एखाद्या सिस्टरना वाचून दाखवा. "म्हणजे नक्की काय मोजणार?" असं त्यांनी विचारलं तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा २: आधी रजिस्टर मोजा, मग रुग्णसंख्या ठरवा

"गाईड म्हणाले तीस-तीस घे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा बोलायच्या आधी मला ते ऐकू येतं. तीस हा आकडा आकाशातून पडलेला नाही, पण तुमच्या प्रश्नासाठीही तो ठरवलेला नाही.

हिशेब असा करा. दुखणं ० ते १०० मिलिमीटरच्या पट्टीवर मोजताय. आधीच्या अभ्यासांवरून प्रमाणित विचलन (रुग्णारुग्णांतल्या आकड्यांचा चढउतार) २५ धरलं, आणि दोन गटांत १५ मिलिमीटरचा फरक पडला तरच तो रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असं ठरवलं. नेहमीच्या ५ टक्के चुकीच्या मर्यादेत (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के ताकदीने (असलेला फरक सापडण्याची शक्यता) हा फरक पकडायला प्रत्येक गटात ४४ रुग्ण लागतात. वीस टक्के लोक फॉलो-अपला येणार नाहीत असं धरलं तर ५५, म्हणजे एकूण ११०. आता फरकाची अट १५ वरून १० वर आणा, तर गळती धरायच्या आधीच प्रत्येक गटात ९८ लागतात. आणि तीस-तीसच घेतले तर तुमचा अभ्यास साधारण १८ मिलिमीटरपेक्षा लहान फरक भरवशाने पकडूच शकत नाही. मग "दोन्ही उपचार सारखेच" असा निष्कर्ष लिहिला जातो. खरं म्हणजे तुमची चाळणीच इतकी मोठ्या छिद्रांची होती की फरक खाली पडून गेला.

हा हिशेब करण्याआधी ओपीडीचं रजिस्टर काढून बसा. मागच्या तीन महिन्यांत गुडघेदुखीचे किती आले, त्यात वयात बसणारे किती, मधुमेह आटोक्यात नसलेले किती, सहा महिन्यांत आधीच इंजेक्शन घेतलेले किती, श्रेणी ४ चे म्हणजे सांधा बदलण्याच्या वाटेवरचे किती. गाळून जे उरतील त्यातलेही सगळे "हो" म्हणणार नाहीत. एवढं करून महिन्याला पाचच मिळणार असतील, तर ११० ला बावीस महिने लागतील. तीन वर्षांच्या एमएसमध्ये सिनॉप्सिस आणि समितीची मंजुरी यांत सुरुवातीचे महिने जातात, शेवटचे प्रबंध लिहिण्यात आणि परीक्षेत, आणि शेवटच्या रुग्णाचा सहा महिन्यांचा फॉलो-अप मधे बसवायचा असतो. उलटं मोजत या. बसत नसेल तर प्रश्न बदला, किंवा शेजारच्या कॉलेजला सोबत घ्या. रुग्णसंख्या गुपचूप कमी करू नका.

*सावधान:* दोन्ही गुडघे दुखणारा माणूस हा एकच रुग्ण आहे. साठ रुग्णांचे ९४ गुडघे मोजून "संख्या ९४" लिहिण्याची चूक आमच्या शाखेत सर्रास होते. एकाच माणसाचे दोन गुडघे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकाच वजनाखाली, एकाच मनाने दुखतात. जास्त दुखणारा गुडघा निवडण्याचा नियम आधीच लिहून ठेवा.

टप्पा ३: मोजपट्टी आपल्या माणसाला लागू पडते का ते बघा

गुडघ्यासाठी वोमॅक ही प्रश्नावली बहुतेक जण घेतात. तिच्यात २४ प्रश्न आहेत: दुखण्याचे ५, कडकपणाचे २, हालचालींचे १७. ती वापरायला परवानगी लागते. नेटवरून पीडीएफ उतरवून वापरली, असं लिहू नका आणि करूही नका. कूस या प्रश्नावलीत ४२ प्रश्न आहेत आणि ती विनामूल्य मिळते. मणक्यासाठी ऑस्वेस्ट्री, दहा विभागांची, गुण ० ते १००.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट. वोमॅकमध्ये टबात शिरताना-निघताना किती त्रास होतो असा प्रश्न आहे. नातवाबरोबर आलेल्या एका आजींना रेसिडेंटने तो जसाच्या तसा विचारला. आजी म्हणाल्या, "टपात कशाला शिरू बाई? टपातलं पाणी तांब्यानं घेते की." रेसिडेंटने ० लिहिलं, म्हणजे "त्रास नाही". त्याच आजी मोरीत पाटावर बसून उठताना नळ धरत होत्या, आणि हे त्यांनी पुढच्याच वाक्यात सांगितलं होतं. कागदावर त्या ठणठणीत झाल्या.

म्हणून मूळ प्रश्नावलीची प्रमाणित मराठी आवृत्ती मिळते का ते आधी पाहा. नसेल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, दोन्ही जुळवायचं, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मुळाशी ताडायचं आणि मग दहाएक रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय समजलं ते विचारायचं. हे काम महिन्याभराचं आहे. शिवाय मांडी घालणं, उकिडवं बसणं, भारतीय शौचालय वापरणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं यांचे प्रश्न वेगळ्या पुरवणीत घ्या. मूळ प्रश्नावलीत घुसडू नका, नाहीतर तिची बेरीज बिघडते.

एक्स-रेचंही ठरवून घ्या. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून, वजन देऊन काढलेला हवा. आडवं झोपवून काढला की सांध्यातली फट खोटी रुंद दिसते आणि श्रेणी ३ चा गुडघा २ मध्ये जातो. श्रेणी दोघांनी वेगवेगळी द्यावी, एकमेकांची न पाहता, आणि दोघांचं किती जुळलं ते कॅपा (दोघांच्या मतांची जुळणी मोजणारा आकडा) काढून लिहावं.

मणक्यात एमआरआयवर विसंबून रुग्ण निवडू नका. पाठ अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयचा २०१५ सालचा एक मोठा आढावा आहे. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसली होती. पायात जाणारी कळ, पाय सरळ उचलण्याची चाचणी, बोटांची ताकद आणि एमआरआयवरची पातळी जुळली तरच रुग्ण आत.

फ्रॅक्चरमध्ये "हाड जुळलं" याची व्याख्या लेखी हवी. नडगीसाठी रस्ट गुणांकन सोपं आहे: समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत हाडाच्या चार कडा, प्रत्येकीला १ ते ३ गुण, एकूण ४ ते १२. कॅलस (जुळताना तयार होणारं नवं हाड) नाही आणि फ्रॅक्चरची रेघ दिसते तर १, कॅलस आहे पण रेघही दिसते तर २, पूल बांधला गेला आणि रेघ बुजली तर ३.

टप्पा ४: एथिक्स समिती, मग सीटीआरआय, मग रुग्ण

हा क्रम उलटा करता येत नाही. समितीची मंजुरी हातात, सीटीआरआयचा (क्लिनिकल अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीचा) क्रमांक हातात, आणि त्यानंतरच्या तारखेला पहिल्या रुग्णाची संमती. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयवर फक्त आगाऊ नोंदणी होते. रुग्ण घेऊन झाल्यावर नोंदवायला गेलात तर दार बंद आहे. नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो. अर्ज भरल्यावर शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, पुन्हा शंका येतात. हे आठवडे वेळापत्रकात धरा.

समितीतले सगळे डॉक्टर नसतात. वकील असतात, वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे सामान्य नागरिकही असतात. त्यांना समजेल असा एक पानाचा मराठी गोषवारा जोडा. माझ्या अनुभवात सगळ्यात नेमके प्रश्न तेच विचारतात: "रुग्णाला येण्या-जाण्याचं भाडं कोण देणार?" "इंजेक्शननंतर गुडघ्यात पू झाला तर खर्च कोणाचा?" अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहावं लागतं. औषधाचा वापर नव्या कारणासाठी असेल तर २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत तुमचा अभ्यास कुठे बसतो ते समितीच्या सचिवांना आधीच विचारून घ्या.

*तपासा:* मंजुरीपत्रावरचं शीर्षक, सिनॉप्सिसवरचं शीर्षक आणि सीटीआरआयवरचं शीर्षक अक्षरशः एक आहे का? रुग्णसंख्या तीच आहे का? मुख्य मोजमाप तेच आहे का? प्रबंध तपासणारे हल्ली सीटीआरआय उघडून पाहतात.

टप्पा ५: संमती

इथे घाई झाली की सगळा अभ्यास पोकळ होतो, मग आकडे कितीही सुबक असोत.

मराठी संमतीपत्रं वाचली की मला वाईट वाटतं. "आपणांस यादृच्छिक पद्धतीने हस्तक्षेप गटात समाविष्ट करण्यात येईल." हे कोणाला कळावं? आमच्याकडे आता असं लिहितो: "गुडघ्यात देण्याची दोन वेगवेगळी इंजेक्शनं आहेत. तुमच्यासारख्या रुग्णाला त्यातलं कोणतं जास्त गुण देतं हे आम्हाला अजून नक्की माहीत नाही, म्हणून हा अभ्यास आहे. तुम्हाला कोणतं मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही ठरवणार नाही. बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवेल. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार इथेच, तसेच चालू राहतील. मधेच सोडावंसं वाटलं तर कारण न सांगता सोडता येईल."

हे वाचून दाखवल्यावर "समजलं का?" असं विचारू नका. त्याला सगळे "हो" म्हणतात. विचारा, "मावशी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" एका मावशींनी मला सांगितलं, "सांगीन की मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी निवडून भारीतलं इंजेक्शन दिलंय." म्हणजे कळलेलं नव्हतं. पुन्हा बसलो, चिठ्ठ्या करून टेबलावर टाकून दाखवल्या. तेव्हा त्या म्हणाल्या, "अच्छा, भिशीसारखं." तिथे संमती झाली.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदाराची सही हवी. साक्षीदार म्हणजे अभ्यासाशी संबंध नसलेली व्यक्ती. तुमच्याच युनिटचा इंटर्न चालत नाही. साक्षीदार पूर्ण वेळ तिथे बसलेला हवा. बाहेरून बोलावून सही घेणं हे खोटं आहे. तारीख रुग्णाने किंवा साक्षीदाराने स्वतः घालावी. आणि एक प्रत रुग्णाच्या हातात द्या. ती फाइलला लावून ठेवली म्हणजे दिली असं होत नाही.

*सावधान:* ऑपरेशन टेबलवर घेण्याआधी ट्रॉलीवर घेतलेली संमती, किंवा इंजेक्शन भरून हातात धरून घेतलेली संमती, ही संमती नाही. आदल्या भेटीत समजावा, घरी विचार करू द्या, पुढच्या भेटीत सही घ्या.

टप्पा ६: चिठ्ठी कोण काढतं, कोण ठेवतं, कोण उघडतं

सोमवारच्या ओपीडीचे पीआरपीत आणि गुरुवारचे स्टेरॉइडमध्ये, किंवा सम क्रमांक इकडे आणि विषम तिकडे, याला चिठ्ठी म्हणत नाहीत. पुढचा रुग्ण कुठे जाणार हे आधी कळलं की हात नकळत वळतो. जास्त दुखणारी बाई आली की "हिला पुढच्या वेळी घेऊ" असं होतं.

क्रमवारी संगणकावर काढा, चिठ्ठ्यांच्या तुकड्यातुकड्याने, म्हणजे दोन्ही उपचारांची संख्या समतोल राहील. तुकडीचा आकार कधी चार, कधी सहा ठेवा. नेहमी चारच ठेवला तर चौथी चिठ्ठी कोणीही ओळखतो. श्रेणी २ आणि ३ साठी वेगळ्या क्रमवाऱ्या करा. हे काम रुग्ण घेणाऱ्याने करायचं नाही. बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांनी किंवा माझ्यासारख्या समन्वयकाने करायचं, आणि मूळ यादी कुलपात.

पाकिटं अनुक्रमांकाची, चिकटवलेली आणि अपारदर्शक हवीत. मी एकदा एका ठिकाणी उभी होते. रेसिडेंटने पाकीट सहज उचललं आणि भिंतीवरच्या एक्स-रे व्ह्यू बॉक्सवर धरलं. आतलं "पी" अक्षर स्वच्छ वाचता आलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला फक्त सिरिंज आधी तयार ठेवायची होती. पण तोवर बत्तीस पाकिटं उघडून झाली होती आणि आधी कोणी कोणी असं धरलं होतं ते सांगता येईना. तेव्हापासून आम्ही चिठ्ठीभोवती स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळतो आणि प्रत्येक पाकीट व्ह्यू बॉक्सवर धरून बघूनच पेटीत टाकतो.

पाकीट उघडण्याआधी त्यावर रुग्णाचं नाव, तारीख आणि वेळ लिहायची. एकदा नाव पडलं की तो रुग्ण अभ्यासात आला. चिठ्ठी आवडली नाही म्हणून पाकीट बदलता येत नाही.

टप्पा ७: कोणाला काय कळू द्यायचं नाही

पीआरपीसाठी रक्त काढावं लागतं, स्टेरॉइडसाठी नाही. म्हणजे दंडाला कापूस लागला की गुपित फुटलं. रक्त दोन्ही गटांत काढायचं, आणि हे संमतीपत्रात आधीच लिहायचं. पीआरपी पिवळसर दिसतं, स्टेरॉइडचं मिश्रण दुधाळ. सिरिंजला बाहेरून अपारदर्शक चिकटपट्टी लावा. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरपासून लपवता येत नाही, ठीक आहे. पण गुण विचारणारी फिजिओथेरपिस्ट वेगळी हवी आणि तिला गट माहीत नसावा. "कोणती सुई मिळाली ते मला सांगू नका हं काका", हे तिने पहिल्याच वाक्यात म्हणावं.

शस्त्रक्रियेत व्रण दिसतो. तिथे मोजणी करताना दोन्ही गटांच्या गुडघ्यांना सारखी पट्टी बांधता येते. एक्स-रे वाचणाऱ्याला नाव आणि तारीख झाकून द्या.

टप्पा ८: फॉलो-अप शेतीच्या पंचांगाने लावा

सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने हे कागदावर छान दिसतं. पण आपला रुग्ण ऊसतोडीला दिवाळीच्या आसपास निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. पेरणीच्या दिवसांत कोणी गुडघा दाखवायला येत नाही. आषाढीला निम्मं गाव वारीत, आणि वारीहून आलेल्याचा गुडघा त्या आठवड्यात मोजला तर तो इंजेक्शनचा निकाल नव्हे, अडीचशे किलोमीटर चालण्याचा आहे. ऑगस्टमध्ये घेतलेल्या रुग्णाचे सहा महिने कुठे पडतात ते घेतानाच बघा. प्रत्येक भेटीला मागे-पुढे किती दिवस चालतील ते प्रोटोकॉलमध्ये लिहा, सहा महिन्यांच्या भेटीला दोन आठवडे ठीक.

फोन नंबर तीन घ्या: स्वतःचा, घरातल्या दुसऱ्याचा आणि वाडीवरच्या एखाद्या दुकानदाराचा. पहिला नंबर बऱ्याचदा पुतण्याचा निघतो आणि पुतण्या पुण्यात असतो. नंबर घेतल्याघेतल्या लावून बघा. भेटीच्या आठवडाभर आधी फोन, आदल्या दिवशी पुन्हा. भाडं हातात द्या. येताच आलं नाही तर दुखण्याचे प्रश्न फोनवर विचारता येतात, तसं आधी मंजूर करून घ्या.

दर भेटीला गोळ्यांचं विचारा. "दुखण्याची गोळी घेता का?" याला "नाही" येतं. "पिशवी दाखवा बघू" म्हटलं की मेडिकलवरून सुट्या आणलेल्या गोळ्या, चूर्ण, तेल सगळं बाहेर येतं. गावातल्या डॉक्टरांकडून मधे सुई घेतली का हेही नाव न ठेवता विचारा. मोजणीच्या आधी दोन दिवस दुखण्याची गोळी बंद, अगदीच लागली तर पॅरासिटॅमॉल, आणि किती घेतल्या ते कार्डावर. हा नियम दोन्ही गटांना एकच.

*तपासा:* दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यादी काढा: किती यायला हवे होते, किती आले. गळती वीस टक्क्यांच्या वर गेली की निष्कर्षावर विश्वास ठेवणं कठीण होतं, आणि हे शेवटी कळून उपयोग नसतो.

टप्पा ९: नोंदी

थोडक्यात सांगते. फॉर्मवर व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. चूक झाली तर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. एक्सेलमध्ये न मिळालेल्या नोंदीला ० लिहू नका, जागा रिकामी ठेवा. एका प्रबंधात न आलेल्या नऊ जणांचं दुखणं ० भरलं होतं आणि उपचार चमत्कारिक दिसत होता. नाव आणि फोन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, अभ्यासाच्या फाइलमध्ये फक्त क्रमांक. पहिल्या पाच रुग्णांनंतर सगळे फॉर्म घेऊन बसा, कोणता रकाना नेहमी रिकामा राहतो ते बघा.

टप्पा १०: आकडेमोड आणि लिखाण

सगळ्यात जास्त आढळणारी चूक ही. पीआरपी गटात आधी आणि नंतर यांत पी (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आला, स्टेरॉइड गटात नाही आला, म्हणून पीआरपी श्रेष्ठ. हा निष्कर्ष चूक आहे. तुमचा प्रश्न दोन गटांतल्या फरकाचा होता, तर दोन गटांचीच थेट तुलना करा, सुरुवातीचं दुखणं हिशेबात घेऊन. नुसता पी देऊ नका. फरक किती मिलिमीटर आणि त्याची विश्वासमर्यादा (खरा फरक ज्या टप्प्यात असावा तो) कुठून कुठे, ते लिहा. टप्पा २ मध्ये १५ म्हटलं होतं, तर आलेला फरक १५ च्या जवळ आहे का, हे रुग्णाच्या कामाचं.

वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही निदान एक तरी "लक्षणीय" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मुख्य मोजमाप एक, आणि ते सीटीआरआयवर आधी लिहिलेलंच.

ज्या गटात चिठ्ठी पडली त्याच गटात रुग्ण मोजायचा, मग त्याने प्रत्यक्षात काहीही घेतलेलं असो. मणक्यात हा प्रश्न फार टोकदार होतो. अमेरिकेतल्या स्पोर्ट या अभ्यासात चकती सरकलेल्या ५०१ रुग्णांना शस्त्रक्रिया किंवा विनाशस्त्रक्रिया अशा गटांत टाकलं. तीन महिन्यांत शस्त्रक्रियेच्या गटातल्या निम्म्यांनीच ती करून घेतली होती, आणि दुसऱ्या गटातल्या ३० टक्क्यांनी मात्र करून घेतली. दोन गट इतके मिसळले की थेट उत्तर अवघड झालं. तुमच्याकडे असं होणार असेल, आणि पायातली कळ सहन न होणारा माणूस शस्त्रक्रिया मागणारच, तर कोणत्या परिस्थितीत गट बदलता येईल ते आधी लिहा आणि किती बदलले ते लपवू नका.

लिहिताना कन्सॉर्टची आकृती पहिल्यांदा काढा: किती तपासले, किती वगळले आणि का, किती जणांची चिठ्ठी निघाली, किती शेवटपर्यंत राहिले. ही आकृती भरताना आकडे जुळले नाहीत तर बाकी प्रबंध लिहायला घेऊ नका, परत फॉर्म काढा. गुडघ्यात पू, ताप, दोन दिवस वाढलेली सूज, सगळं लिहा. फरक निघाला नाही तर "फरक निघाला नाही" असंच लिहा. "सकारात्मक कल दिसतो" असं लिहू नका.

प्रबंध जमा झाल्यावर दोन कामं राहतात आणि ती बहुतेकांची राहूनच जातात. सीटीआरआयवर अभ्यासाची स्थिती "पूर्ण" करा. आणि रुग्णांना निकाल कळवा. आम्ही पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी छापतो: कोणतं इंजेक्शन तुम्हाला मिळालं, दोन्हींत फरक निघाला की नाही, आता पुढे काय करायचं, आणि ओपीडीचा वार. मागच्या खेपेला असा कागद मिळालेले एक काका तो घडी करून खिशात घेऊनच ओपीडीत आले. त्यांच्या वाडीवरच्या तिघांचे गुडघे दुखत होते आणि त्यांनी तो कागद तिघांनाही वाचून दाखवला होता.